दाखल-खारीज : भंडारा जिल्ह्यातील शालेय शिस्तीचा एक दुर्लक्षित रकाना

विदर्भातील जुन्या प्राथमिक शाळांच्या दप्तरात ‘दाखल-खारीज’ या नावाचे एक रजिस्टर आढळते. मुलाचे नाव, बापाचे नाव, जात, जन्मतारीख, शाळेत आल्याचा दिवस हे रकाने ओलांडून दृष्टी उजवीकडे गेली, की नाव खारीज केल्याची तारीख आणि खारीज करण्याचे कारण यांचे रकाने लागतात. कारणाच्या रकान्यात ‘परगावी गेला’, ‘मयत’, ‘परीक्षा पास’ अशा नोंदींबरोबर ‘सतत गैरहजर’ हे दोन शब्द येतात. ही नोंद वरवर पाहता निव्वळ हिशेबाची वाटते. प्रत्यक्षात ती एक शिक्षा होती, आणि ज्या मुलाला ती झाली त्याला ती झाल्याचे पुष्कळदा कळतही नसे.

शालेय शिस्तीचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष साहजिकच छडीकडे जाते. छडीचा आवाज होतो, वळ उठतो, आत्मचरित्रांत तिची आठवण राहते. नाव कमी करण्याच्या शिक्षेला आवाज नाही आणि ती भोगणारा सहसा आत्मचरित्र लिहिण्याइतका शिकत नाही. भंडाऱ्यासारख्या धानाच्या मुलखात मात्र शाळा आणि मूल यांच्या संबंधांचा निकाल छडीने जितका लावला, त्याहून अधिक या रकान्याने लावला असावा, असे मानण्यास सबळ आधार आहे. गैरवर्तनाचा परिणाम मुलाला समजावून देणे हे शिस्तीचे प्रयोजन मानले जाते. तो परिणाम कोणता असावा, कोणावर पडावा आणि तो कृत्याशी कितपत जुळता असावा, हे प्रश्न या दोन साधनांच्या इतिहासात गुंतलेले आहेत.

शब्दाविषयी एक गोष्ट येथेच नमूद करणे बरे. ‘शिक्षा’ आणि ‘शिक्षण’ हे दोन्ही शब्द एकाच संस्कृत धातूपासून आलेले आहेत. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे विद्यादान, मराठीत ‘शिक्षा’ म्हणजे दंड. १९५६ पर्यंत हिंदी-मराठी अशा द्विभाषिक राज्यात राहिलेल्या भंडारा जिल्ह्याने हे दोन्ही अर्थ एकाच कचेरीच्या कागदांत शेजारी शेजारी पाहिले. शाळेत प्रथमच येणाऱ्या मुलाला त्यांतला कोणता अर्थ आधी कळत असेल, हे सांगावयास नको.

१

इंग्रजी अंमलापूर्वीच्या पंतोजींच्या शाळेत रजिस्टर नव्हते. धुळपाटीवर अक्षर गिरविणे, उजळणी, पावकी-निमकी-पाऊणकीचे पाढे, पुढे मोडी वाचन आणि हिशेब असा तिचा अभ्यासक्रम असे. पंतोजीला वेतन बहुधा धान्याच्या वा किरकोळ नाण्यांच्या रूपाने पालकांकडून मिळे. अशा शाळांतील शिस्तीचे एक तपशीलवार वर्णन दक्षिणेकडील बल्लारी जिल्ह्याचे कलेक्टर ए. डी. कॅम्पबेल यांनी ऑगस्ट १८२३ मध्ये मद्रास सरकारला पाठविलेल्या अहवालात सापडते. बल्लारी हा प्रामुख्याने कानडी-तेलुगू मुलूख असला, तरी तेथे मराठी शाळाही होत्या आणि देशी शाळेची घडण दख्खनभर पुष्कळशी सारखीच होती. म्हणून ते वर्णन येथे उपयोगी पडते.

कॅम्पबेल सांगतात की, सकाळी जो मुलगा सर्वांत आधी शाळेत येई त्याच्या तळहातावर सरस्वतीचे नाव लिहिले जाई. दुसऱ्याच्या तळहातावर शून्य काढीत. तिसऱ्याला एक हलका फटका, चौथ्याला दोन, आणि पुढे येणाऱ्या प्रत्येकाला एकेक फटका वाढता. आळशी मुलास फटके मारीत, दोन्ही हात बांधून आढ्याला टांगीत, किंवा सारख्या उठाबशा काढावयास लावीत. यातील क्रौर्याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने त्यातील गणित पाहिले पाहिजे. उशिराचे मोजमाप घड्याळाने होत नव्हते, ते इतर मुलांच्या मानाने होत होते. शिक्षा सर्वांसमोर, तत्काळ आणि ठरलेल्या प्रमाणात होई. आणि ती संपली की संपे. तळहातावरील वळाची नोंद कोठेही राहत नसे. दुसऱ्या दिवशी तोच मुलगा पहिला येऊन सरस्वतीचे नाव मिळवू शकत असे.

शाळा चुकविणाऱ्या मुलाला आणावयास पंतोजी थोराड मुले पाठवीत आणि ती त्याला हातपाय धरून उचलून आणीत. ‘उचलबांगडी’ या शब्दाचा मूळ अर्थ हाच. आज हा शब्द अधिकाऱ्याला जागेवरून हलविण्यासाठी वापरला जातो, म्हणजे त्याची दिशा नेमकी उलटली आहे. पंतोजीच्या काळी उचलबांगडी मुलाला शाळेत आणण्यासाठी होती. गैरहजेरीचा परिणाम म्हणजे शाळेत ओढून आणणे, शाळेबाहेर काढणे नव्हे. पंतोजीचे पोट मुलांच्या संख्येवर अवलंबून होते हे त्याचे एक कारण. मुलगा कोणाचा आणि आज का आला नाही, हे गावात सर्वांस ठाऊक असे, हे दुसरे.

अर्थात ‘सर्व’ या शब्दात कोण येत होते हा प्रश्न उरतोच. अस्पृश्य मानलेल्या जातींना या शाळेत प्रवेश नव्हता, मुलींना जवळजवळ नव्हता. सरकारी शाळांनी दार तत्त्वतः उघडल्यावरही छडी सर्वांवर सारखी पडत होती असे नाही. जोतीराव फुले यांनी १८६९ साली ‘विद्याखात्यातील ब्राह्मण पंतोजी’ हा पोवाडा प्रसिद्ध केला. शूद्र मुलांना मारझोड करून शाळा सोडावयास लावतात, हा त्यातील आक्षेपांपैकी एक होता. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनातही त्यांनी प्राथमिक शिक्षक शेतकरी वर्गातून घ्यावेत, असा आग्रह धरला. शिस्तीच्या इतिहासाच्या दृष्टीने या आक्षेपाचे महत्त्व मोठे आहे. मारण्याचा हेतू मुलाला सुधारणे नसून त्याला घालविणे असू शकतो, आणि त्याच्या जाण्याचा दोष पुन्हा त्याच्याच माथी मारता येतो, ही गोष्ट फुल्यांनी फार लवकर ओळखली होती. छडी आणि खारीज ही दोन निरनिराळी साधने नसून एकाच वाटेवरील दोन मुक्काम असू शकतात, असा याचा अर्थ.

२

१८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. १८६१ मध्ये मध्यप्रांत स्थापन झाला आणि सर रिचर्ड टेम्पल यांच्या कारकीर्दीत तेथे शिक्षणखाते आकारास आले. वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा हा या प्रांताच्या नागपूर विभागातील जिल्हा. आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ पर्यंत त्याचाच भाग होता. या शाळांबरोबर घड्याळ, हजेरीपट, तपासनीस आणि शेरेबुक ही चार साधने खेड्यात आली. त्यांनी ‘गैरवर्तन’ या कल्पनेचीच व्याप्ती बदलली. खोटे बोलणे, चोरी, मारामारी ही गैरवर्तने जुनीच होती. नवे गैरवर्तन होते ते ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी जागेवर नसणे.

आता या जिल्ह्याचे वर्ष कसे चालते ते पाहावे. भंडारा हा धानाचा आणि तलावांचा प्रदेश. पावसाने जोर धरला की जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी लागते. पऱ्ह्यातून रोपे उपटणे, त्यांच्या जुड्या बांधावर वाहून नेणे, गुडघाभर चिखलात ती रोवणे, या कामाला घरातील एकही हात मोकळा राहत नाही. आई रोवणीला गेली म्हणजे धाकट्या भावंडांना सांभाळावयास घरी कोणी तरी हवे, आणि ते काम बहुधा शाळेच्या वयाच्या मुलीकडे येते. पावसाळ्यात उभ्या पिकात गुरे शिरू नयेत म्हणून त्यांना राखावे लागते. दिवाळीच्या आगेमागे धानाची कापणी, पुढे मळणी. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचणे, मे महिन्यात तेंदूपाने. सरकारी शाळेचे वर्ष याच्याशी जुळवून आखलेले नव्हते. शिक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाचा असा पावसाळ्यातील पहिला हप्ता रोवणीत जाई, आणि वार्षिक परीक्षा मोहफुलांच्या हंगामात येई.

या परिस्थितीत सलग गैरहजेरी हे व्यक्तीचे वर्तन नसून प्रदेशाचे शेतीपंचांग होते. तथापि हजेरीपटाला कारण ठाऊक नसते. त्याला फक्त हजर आणि गैरहजर एवढेच कळते. ठरावीक काळ मूल आले नाही म्हणजे नाव कमी करावयाचे, हा प्रघात पडला. शिक्षकाच्या बाजूनेही पाहिले पाहिजे. पटावर नावे पुष्कळ आणि वर्गात मुले थोडी, अशी स्थिती तपासनिसाला दिसली तर शेरेबुकात ठपका शिक्षकावर येई. एकोणिसाव्या शतकात अनुदानाची रक्कम परीक्षेच्या निकालावर ठरविण्याची पद्धत अनेक प्रांतांत होती. तिने अनियमित मुलगा हा शिक्षकाच्या दृष्टीने तोट्याचा ठरविला. तुटपुंज्या पगाराचा, वरून दटावला जाणारा आणि खाली दटावणारा असा हा शिक्षक होता. त्याने नाव खोडले ते दुष्टपणाने खोडले असे म्हणता येत नाही. पट स्वच्छ ठेवण्याचा तो एक मार्ग होता.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी या जिल्ह्याला जबर तडाखा दिला. १८९१ आणि १९०१ च्या शिरगणतींच्या दरम्यान त्याची लोकसंख्या घटली. अशा वर्षांत शाळेतून गेलेले मूल गैरवर्तनी होते की उपाशी, हे रकाना सांगू शकत नाही. ‘सतत गैरहजर’ या दोन शब्दांत रोवणीला गेलेले मूल, आजारी मूल, मारास भिऊन पळालेले मूल, मराठी न कळणारे गोंड मूल आणि वर्गाबाहेर बसावे लागल्याने कंटाळलेले महाराचे मूल ही सारी एक होतात. यांतील शेवटच्या प्रकारासाठी कल्पनेवर विसंबण्याचे कारण नाही. साताऱ्याच्या शाळेत स्वतःचे गोणपाट घेऊन वेगळे बसावे लागे आणि शिपाई नसला की पाणीही मिळत नसे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. सातारा भंडाऱ्याहून दूर आहे. परंतु अस्पृश्यतेला जिल्ह्याच्या सीमा नव्हत्या.

३

गैरवर्तनाचा नैसर्गिक परिणाम मुलाला भोगू द्यावा, वेगळी शिक्षा करू नये, हा विचार युरोपात रूसोने १७६२ च्या ‘एमिल’ मध्ये मांडला. मुलाने खोलीच्या खिडकीची काच फोडली तर त्याला मारू नये. वारा त्याला लागू द्यावा. जवळजवळ शंभर वर्षांनी, १८६१ मध्ये, हर्बर्ट स्पेन्सरने आपल्या शिक्षणविषयक ग्रंथात याच कल्पनेला शास्त्राचे रूप दिले. आगरकरांच्या पिढीच्या सुशिक्षित महाराष्ट्रीयांनी स्पेन्सर आवडीने वाचला. योगायोग असा की, ज्या वर्षी हा ग्रंथ निघाला त्याच वर्षी मध्यप्रांताची स्थापना झाली. परंतु या प्रांताच्या खेड्यांतील शाळांत स्पेन्सर पोहोचला नाही, हजेरीपट पोहोचला.

वास्तविक भंडाऱ्यातील मुलाला परिणामाची कल्पना पुस्तकातून शिकण्याची आवश्यकता नव्हती. या प्रदेशात गावोगाव तलाव आहेत. त्यांपैकी कितीतरी कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधले. आज गोंदिया जिल्ह्यात असलेला नवेगाव बांध हा त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. पुढे हे तलाव मालगुजारी तलाव म्हणून ओळखले गेले. तलावाच्या पाण्याची वाटणी, पाळीची डागडुजी, कोणाचे शेत आधी भिजावे, यांचे नियम गावाने ठरविलेले असत. पाळीला भोक पडले आणि ते वेळीच बुजविले नाही तर खालची बांधी वाहून जाते, हे दहा वर्षांचे मूल डोळ्यांनी पाहत असे. एकाने चोरून पाणी वळविले तर शेजाऱ्याचे धान वाळते, आणि मग गाव त्याला विचारते. येथे कृत्य आणि परिणाम यांतील दुवा दिसत होता, आणि परिणामानंतर दुरुस्तीचे कामही होते. पाळ फोडणाऱ्याला पाळीवर माती टाकावयास यावे लागे, त्याला तलावावरून हाकलून देत नसत. पाणी सर्वांना लागतेच.

शाळेतील परिणामाचा असा दुवा दिसत नव्हता. पाढा चुकला तर तळहातावर छडी का, आणि रोवणीला गेल्यास नाव का जावे, यांचे उत्तर मुलाला स्वतःच्या अनुभवात सापडत नसे. स्पेन्सरच्या सिद्धांतातील उणीवही याच ठिकाणी उघड होते. शाळेत न येण्याचा ‘नैसर्गिक’ परिणाम अज्ञान हा आहे, असे त्याच्या पद्धतीने म्हणता येईल. पण तो परिणाम वीस वर्षांनी, सावकाराच्या कागदावर अंगठा उमटविताना कळतो. दहा वर्षांच्या मुलाला निसर्ग इतक्या उशिरा शिकवीत असेल तर त्या शिकवणीचा उपयोग काय? निसर्गावर हवाला ठेवण्यात मोठ्यांची सोय असते, हे रूसोच्या खिडकीच्या उदाहरणातही दिसते. काच पुन्हा बसविण्याची ऐपत असलेल्या घरातच ते उदाहरण शोभते.

मुलांनाच न्यायनिवाड्यात घेण्याचा प्रयोग भारतात याच्याही आधी झाला होता. मद्रासच्या लष्करी अनाथगृहात १७८९ पासून काम करणाऱ्या अँड्र्यू बेल यांनी मुलांकडून मुलांना शिकविण्याची देशी शाळांतील रीत उचलली, आणि अपराधांची नोंद एका काळ्या वहीत करून मुलांच्याच पंचांपुढे तिचा दर आठवड्याला निकाल लावण्याची व्यवस्था केली. १७९७ मध्ये त्यांनी हे लंडनमध्ये प्रसिद्ध केले. इंग्लंडने त्यातील स्वस्त पडणारा भाग, म्हणजे एका शिक्षकाने शेकडो मुले सांभाळणे, उत्साहाने घेतला. भारतात परत आलेल्या पद्धतीत पंच नव्हते, वही मात्र होती.

४

शाळेतील छडीला कायद्याचा आधार कोठून आला हे थोडक्यात पाहणे अवश्य आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील ८८ आणि ८९ या कलमांनी दुसऱ्याच्या हितासाठी, सद्भावनेने आणि संमतीने केलेल्या कृत्यांना संरक्षण दिले. मुलाला शाळेत घालताना पालकाने वाजवी शिक्षेला गर्भित संमती दिली असे न्यायालयांनी मानले. १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या एका निर्णयात एका मुख्याध्यापकाला याच तत्त्वाचा लाभ झाला. भंडाऱ्याच्या खेड्यातील निरक्षर बापाने ही संमती केव्हा आणि कशी दिली, हा प्रश्न कायद्यापुढे आला नाही.

याहून विलक्षण गोष्ट फटक्यांच्या कायद्यात आढळते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गुन्हेगारांना न्यायालयाच्या आज्ञेने फटके मारण्याची तरतूद झाली. त्यात अल्पवयीन गुन्हेगाराला फटके मारावयाचे ते शालेय शिस्तीच्या रीतीने, हलक्या वेताने मारावेत असे शब्द घातलेले होते. शाळा हे तुरुंगाचे प्रमाण ठरले होते! पुढे स्वतंत्र भारताच्या संसदेने १९५५ मध्ये फटक्यांची शिक्षा कायद्याने रद्द केली. चोरी करून न्यायालयापुढे आलेल्या मुलाच्या अंगाला वेत लावता येईनासा झाला. पाढा चुकलेल्या मुलाला तो लागत राहिला. गुन्हेगार आणि विद्यार्थी यांच्यातील हे अंतर भरून निघावयास आणखी पंचावन्न वर्षे लागली.

५

विसाव्या शतकात या शिस्तीला राजकीय वळण लागले. बंगालमध्ये १९०५ च्या ऑक्टोबरात विद्यार्थ्यांना चळवळीपासून दूर ठेवणारे कार्लाइल परिपत्रक निघाले, आणि मे १९०७ मध्ये भारत सरकारच्या रिस्ली परिपत्रकाने तेच धोरण इतर प्रांतांना लागू केले. मध्यप्रांतात त्याचा प्रत्यय लवकरच आला. नागपूरच्या नील सिटी हायस्कूलमध्ये तपासणीच्या वेळी विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ची घोषणा केली, क्षमा मागितल्यास परत घेऊ, असे त्यांना सांगण्यात आले. ज्यांनी क्षमा मागितली नाही आणि ज्यांना शाळा सोडावी लागली, त्यांत केशव बळीराम हेडगेवार होते. ते पुढे यवतमाळच्या राष्ट्रीय शाळेत गेले. या प्रसंगाचे राजकीय फलित काय झाले हा वेगळा विषय आहे. येथे लक्षणीय आहे ते हे की, अपराध कोणी केला हे शोधता न आल्याने परिणाम सर्वांवर लादला गेला, आणि त्यातून सुटण्याची किंमत क्षमायाचना ही ठरली. शेंगांच्या टरफलांची जी आख्यायिका टिळकांच्या बालपणाविषयी पाठ्यपुस्तकांनी घरोघर नेली, तिचे मर्मही हेच आहे. महाराष्ट्रातील मुलांनी शिस्तभंगाचे एक उदाहरण आदर्श म्हणून पाठ केले, आणि तेही बहुधा छडीच्या धाकाने.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये जिल्ह्यातील तुमसर येथे पोलिसांनी गोळीबार केला आणि माणसे मारली गेली. त्या दिवसांत देशभर शाळा-महाविद्यालये ओस पडली होती. अशा गैरहजेरीचे कारण हजेरीपटाच्या रकान्यात कसे लिहावे, याची सोय कोणत्याही नियमावलीत नव्हती.

६

याच काळात दुसऱ्या बाजूने सक्तीचा विचार पुढे येत होता. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचे शिक्षण सुरू केले व १९०६ मध्ये ते संस्थानभर लागू केले. मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला दंड होई. गोखल्यांचे १९११ चे विधेयक १९१२ मध्ये नामंजूर झाले, पण १९२० मध्ये मध्यप्रांताने प्राथमिक शिक्षणाचा कायदा करून स्थानिक संस्थांना सक्ती लागू करण्याचा अधिकार दिला. म्हणजे गैरहजेरीचा परिणाम मुलावरून पालकावर सरकला. तर्काच्या दृष्टीने ही प्रगती म्हटली पाहिजे, कारण रोवणीला नेणारा बापच होता. पण दंड भरावयास ज्याच्याजवळ पैसा नाही, तो मुलाला त्याच कारणासाठी कामावर नेत होता.

या कोंडीतून वेगळी वाट काढण्याचा प्रयत्न भंडाऱ्यापासून फार दूर झाला नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्धा येथे शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन समिती नेमली गेली, आणि सेवाग्रामला आर्यनायकम् दांपत्याच्या मार्गदर्शनाखाली नई तालीमची शाळा उभी राहिली. सूत, शेती, सफाई ही कामेच शिक्षणाचे माध्यम मानल्यामुळे तेथे शिस्तीचा प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहिला. ज्याने कापूस नीट पिंजला नाही त्याचे सूत तुटते. ज्याची स्वयंपाकाची पाळी चुकली त्याच्या सोबत्यांना जेवण उशिरा मिळते. कामांची वाटणी आणि चुकांची चर्चा मुलांच्या सभेत होई. तलावाच्या पाळीवर जे नाते होते, ते येथे शाळेत आले होते: चूक दिसते, तिचा परिणाम सर्वांना लागतो, आणि चूक करणाराच ती दुरुस्त करतो. छडी किंवा नाव कमी करणे यांना या रचनेत जागाच नव्हती.

हा प्रयोग खेड्यापाड्यांत का रुजला नाही याची चिकित्सा अनेकांनी केली आहे. त्यातील एका कारणाचा उल्लेख येथे पुरे. ज्या घरांतील मुले आधीच चिखलात राबत होती, त्यांच्या पालकांना शाळेतही काम आहे हे ऐकून आनंद झाला नाही. त्यांना मुलाने खुर्चीवर बसावे असे वाटत होते, आणि या इच्छेत गैर काही नव्हते. नोकरीच्या वाटेवरील शाळा जुनीच राहिली. तिची शिस्तही जुनीच राहिली.

७

१९४८ नंतर जनपद सभा, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात समावेश, १९६० मध्ये महाराष्ट्र आणि १९६२ मध्ये जिल्हा परिषद, अशी भंडारा जिल्ह्यातील प्राथमिक शाळांची मालकी बदलत गेली. रजिस्टर तेच राहिले. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘प्रगती’ व ‘वर्तणूक’ असे दोन रकाने असत, आणि वर्तणुकीच्या रकान्यात जवळजवळ नेहमी ‘चांगली’ असे लिहिले जाई. सतत गैरहजर म्हणून ज्याचे नाव खोडले त्याचीही वर्तणूक चांगली! शिक्षकाने जाता जाता दाखविलेली ही दया होती, की हाताची सवय, हे ठरविणे कठीण आहे. मात्र या विसंगतीने एक गोष्ट सिद्ध होते: नाव खारीज होण्याचा वर्तनाशी संबंध नाही हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक होते.

शिक्षेविरुद्धचे राष्ट्रीय धोरण १९८६ च्या शैक्षणिक धोरणात स्पष्ट शब्दांत आले. भारताने १९९२ मध्ये बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय संहितेला मान्यता दिली. तरीही २००७ साली केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या पाहणीत शाळेत जाणाऱ्या दर तीन मुलांपैकी जवळजवळ दोघांनी, म्हणजे ६५ टक्के मुलांनी, शारीरिक शिक्षा भोगल्याचे सांगितले. अखेर बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली. त्याच्या लगतच्या १६ व्या कलमाने प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकण्यास मनाई केली. मुलांना त्याच इयत्तेत न बसविण्याविषयीचा या कलमाचा भाग २०१९ मध्ये सैल करण्यात आला. काढून टाकण्याची मनाई कायम आहे. पंतोजीची छडी आणि खात्याचे खारीज ही दोन्ही साधने एकाच दिवशी, एकाच पानावरील दोन कलमांनी बेकायदा ठरली, याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

परिणामाची दिशाही या कायद्याने फिरविली. शिक्षा करणाऱ्या शिक्षकावर सेवानियमांखाली कारवाई होते, आणि प्रत्येक मूल शाळेत येईल हे पाहण्याचे बंधन पालकावर दंड ठोठावून नव्हे, तर शासन व स्थानिक प्राधिकरण यांच्यावर टाकून साधावयाचे आहे. याचा एक दृश्य परिणाम असा, की रोवणीला गेलेल्या मुलाचे नाव आता पटावर राहते. ते मूल परत आल्यावर त्याचे महिनाभराचे राहिलेले शिक्षण कसे भरून काढावयाचे, हा प्रश्न मात्र शाळेपाशीच राहतो, आणि त्यावर छडी व खोडरेघ यांइतके सोपे साधन अद्याप सापडलेले नाही. दुसरीकडे दंडसंहितेतील सद्भावनेची जुनी कलमे १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही जवळजवळ तशीच आली आहेत.

जुनी दाखल-खारीज रजिस्टरे खेड्यापाड्यांतील शाळांच्या कपाटांत आजही सांभाळली जातात, आणि त्यांची मागणीही मोठी आहे. अनुसूचित जातींच्या दाखल्यासाठी १९५० पूर्वीची, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी १९६१ पूर्वीची आणि इतर मागासवर्गीयांसाठी १९६७ पूर्वीची नोंद पुरावा म्हणून लागते. त्यामुळे आजोबा-पणजोबांच्या नावाचा उतारा काढण्यासाठी नातवंडे शाळेत येतात. मुख्याध्यापक जीर्ण पान उलटतात, बोटाने ओळ शोधतात आणि जातीचा रकाना नकलून देतात. त्याच ओळीच्या उजव्या टोकाला, पुष्कळदा दाखल झाल्यापासून वर्षभराच्या आतच्या तारखेला, ते नाव खारीज झालेले असते. त्या रकान्याची नक्कल सहसा कोणी मागत नाही.